ऑल्डमीरचा मोडलेला फेर

घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. आमच्या ऑल्डमीरच्या मे जत्रेत चर्चच्या घंटा अशाच मध्येच थांबतात. सहाच्या सहा रंगात येतात, हिरवळीवर पोरं उंच खांबाला बांधलेल्या रंगीत फिती धरून नाचत असतात, आणि एकदम पाच घंटा गप्प. आता ऐका, फक्त मोठी वाजतेय. टोपी काढा हो, इथे सगळे काढतात. सांगलीहून एवढ्या लांब आलात, तर नुसते फोटो काढून जाऊ नका. का ते सांगते.

फार जुनी गोष्ट. तेव्हा गावाच्या पूर्वेला नुसती दलदल होती म्हणे. पलीकडच्या गावाला जायला चिखलातून एकच पायवाट. समुद्रावरून धुकं आलं की स्वतःचा हात दिसायचा नाही. म्हणून गावाचा नेम होता: धुकं उतरलं की बाकी घंटा बंद, मोठी एकटीच वाजवायची. वाटेवरचं माणूस त्या एका आवाजाच्या रोखानं घर गाठायचं.

मोठ्या घंटेचा दोर टोबायस नावाच्या माणसाच्या हाती असे. त्याला आणि त्याच्या बायकोला, हॅनाला, एकुलती एक लेक, लेटी. ती पलीकडच्या गावात एका घरी कामाला होती, जत्रेपुरती घरी यायची. आईनं तिच्यासाठी नवा झगा शिवून ठेवला होता.

आता या घंटावाल्यांची खोड ऐका. सहा घंटा दर खेपेला क्रम बदलत वाजवायच्या, त्याला फेर म्हणतात; मोठा फेर एकदा धरला की तो पुरा करायचा, मध्ये मोडला तर नाक कापलं गेलं. आदल्या जत्रेत यांचा फेर मोडला होता आणि आसपासच्या गावांनी हसून हसून यांना नकोसं केलं होतं. त्यामुळे या खेपेला सगळे इरेला पेटलेले.

फेर संपत आला आणि धुकं उतरलं. मनोऱ्यात बसलेल्यांना काय कळणार? हॅना धावत आली.

“बाकीच्या थांबवा! धुकं आलंय, लेटी वाटेत आहे!”

“थोडाच राहिलाय गं,” टोबायस म्हणाला. “एवढा पुरा होऊ दे.”

एवढा! मला दर वेळी इथे राग येतो बघा. पण त्याला वाटलं, पोरगी वाट जाणते, एवढ्यात काय होतंय? फेर पुरा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं मोठी घंटा एकटी वाजवायला घेतली. लेटी आली नाही.

सहा घंटांच्या कल्लोळात आवाज नेमका कुठून येतोय हेच तिला उमगलं नसावं, असं सांगतात. धुकं विरल्यावर ती चिखलात सापडली, वाटेला अगदी लागून. जीव गेलेला. लोकांनी तिला चर्चच्या दारात आणून ठेवलं, आणि आत घंटा वाजतेच आहे. टोबायसला सांगायची कुणाची छाती होईना. शेवटी हॅना आत गेली. ती ओरडली नाही म्हणे, त्याला बोलही लावला नाही. दोरावरच्या त्याच्या हातांवर हात ठेवून म्हणाली, “पुरे आता. आली ती घरी.”

आजही जत्रेत फेर असाच मोडतात, आणि मोठी घंटा कुणी आपणहून थांबवत नाही. त्या वर्षात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरच्या बाईनं जाऊन दोरावर हात ठेवायचा आणि तेच शब्द म्हणायचे. तोवर ती वाजत राहते.

नोव्हेंबरात आमचे हे गेले. परवा घंटावाले माझ्या दारात येऊन उभे, “मिसेस खांबेटे, याल ना?” म्हटलं, अहो, मी कुठली, माझी भाषा कुठली. तर म्हणाले, तुमच्या भाषेत म्हणा.

म्हणजे आत्ता ती माझ्यासाठीच वाजतेय. म्हणून तर मघापासून तुमच्यापाशी ही लांबण लावली. ‘आले घरी’ असं एकदा माझ्या तोंडून गेलं, की मग संध्याकाळी दाराकडे बघायचीसुद्धा सोय उरत नाही हो.

धरा ही पिशवी. जाऊन येते.