केरबाचं नाव पाटीवर कसं आलं

उंबरकोंड नावाच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? आई एकदा म्हणाली, "मी बाजाराला जाते, जरा बैलाकडे बघ." संध्याकाळी ती परत आली तर केरबा बैलाकडे बघत बसलेला. बैल दावं तोडून शेजाऱ्याच्या मक्यात शिरला होता आणि अर्धा मका संपला होता. केरबा बांधावर बसून बघतच होता. पापणीसुद्धा हलवली नव्हती त्यानं.

कुणी काही शिकवलं की केरबा खांद्यावरच्या पंच्याला एक गाठ मारायचा. गाठ मारली की ती गोष्ट तो मरेपर्यंत विसरायचा नाही. ती गोष्ट कुठं वापरायची, तेवढं मात्र गाठीत राहायचं नाही.

या गावाला नावांचा भारी सोस. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचं नाव, म्हणून पंखा कुणी लावूच द्यायचं नाही. फिरला की नाव वाचता येत नाही. एसटीच्या थांब्यावरचा बाक, गुरांचा हौद, शाळेचा माठ, सगळ्यावर 'अमुकतमुक यांजकडून सप्रेम भेट'. सगळ्या गावाचं नाव कुठं ना कुठं होतं. फक्त केरबाच्या घराचं नव्हतं.

केरबाची आई हौसाबाई. तिला वाचता यायचं नाही, पण हे तिला ठाऊक होतं. ती म्हणायची, "केरबा, तुझं नाव आजवर फक्त तक्रारीत निघालं. एकदा पाटीवर येऊ दे. मग मी डोळे मिटायला मोकळी."

अशात मास्तरांची मुक्ता परदेशात सिनेमा शिकून गावात परतली. आल्या आल्या तिनं शाळेच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं, "या गावातला प्रत्येक माणूस कलावंत आहे! आपण आपला सिनेमा काढणार. बाहेरचा एकही नट नको!"

गोष्ट अशी होती. महामाया नावाची एक महाभयंकर खलनायिका शाळेची घंटा पळवते. घंटा नाही तर शाळा सुटणार नाही. शाळा सुटली नाही तर पोरं घरी जाणार नाहीत. पोरं घरी गेली नाहीत तर आईबाप काहीही द्यायला तयार होतील. आणि महामाया काय मागणार? सगळं जग.

"बाप रे," केरबा म्हणाला. "आणि तिला धरत नाही कुणी?"

"शेवटी धरतात. केरबादादा, माणसं गोळा करायचं काम तुमचं. सिनेमात काम करणाऱ्या सगळ्यांची नावं मी पत्र्याच्या पाटीवर ऑइलपेंटनं लिहिणार आणि ती पाटी शाळेत कायमची टांगणार. काम नीट केलंत तर तुमचंही नाव."

केरबा धावतच घरी गेला. हौसाबाईनं त्या दिवशी शिरा केला.

मुक्ताच्या वहीत पहिली ओळ होती : खलनायिका. ती म्हणाली, "केरबादादा, जिला बघून पोरं भोकाड पसरतात अशी बाई आणा."

केरबानं विचारसुद्धा केला नाही. सरळ दवाखान्यात गेला आणि लस टोचणाऱ्या शकुंतला सिस्टरांना हाताला धरून घेऊन आला. सिस्टरांच्या एका हातात सुई तशीच. मागून सात आया, त्यांच्या कडेवर सात पोरं. सातही रडत होती.

"अहो, काम अर्धं टाकून आले मी! हा सांगेल तर शपथ, कशाला नेतोय!" सिस्टर ओरडल्या.

मुक्तानं कपाळाला हात लावला. "केरबादादा, कुणालाही आणायचं तर आधी विचारावं. वाईट वागायला जमेल का, असं विचारायचं."

"कुणाला, मला?" सिस्टर थबकल्या. "अगं, बावीस वर्षं मी 'काही दुखणार नाही बाळा' म्हणत हसतेय. एकदा तरी मनासारखं वाईट वागू दे मला!"

अशी खलनायिका मिळाली. केरबानं पंच्याला पहिली गाठ मारली : आधी विचारावं, वाईट वागायला जमेल का.

दुसऱ्या दिवशी मुक्ता म्हणाली, "शाळेच्या आवारात चित्रीकरणाला परवानगी पाहिजे. सरपंचबाईंना बोलावून आणा."

सरपंच रत्नाबाई पंचायतीत होत्या. मासिक सभा चालू होती, समोर सगळे सदस्य बसलेले. केरबा आत गेला आणि म्हणाला, "बाई, वाईट वागायला जमेल का?"

सगळे सदस्य रत्नाबाईंकडे वळले.

मग विरोधी बाकावरून एक जण म्हणाला, "जमतं की! चार वर्षं बघतोय आम्ही."

सभा तिथंच मोडली. रत्नाबाई तरातरा मास्तरांच्या घरी आल्या. मुक्तानं तीन वेळा चहा केला तेव्हा कुठं परवानगी मिळाली.

बाई गेल्यावर मुक्ता म्हणाली, "केरबादादा, मानाच्या माणसाकडे असं जातात का? समोर नारळ ठेवावा. पाया पडावं. आणि चार लोकांत, मोठ्यानं, त्यांच्या कामाचं कौतुक करावं."

केरबानं दुसरी गाठ मारली.

वहीत पुढची ओळ होती : कुलूप तोडणारा. गावात कुलपांची माहिती एकाच माणसाला, इलाहीचाचांना. छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करणारा देवमाणूस. दर मंगळवारी बाजारात पेटी मांडून बसायचा.

मंगळवार होता. बाजार फुललेला. केरबानं चाचांसमोर नारळ ठेवला, लोटांगण घातलं, उठून उभा राहिला आणि ओरडला, "चाचा, या गावातलं एक कुलूप असं नाही, जे तुम्हाला उघडता येत नाही! घरात माणूस असो नसो, तुम्ही मनात आणलं की दार उघडलंच!"

भाजी तोलणारी तराजू हवेत थांबली. सहा बाया पिशव्या तिथंच टाकून घराकडे पळाल्या. एका म्हाताऱ्यानं समोरच्या दुकानातून दोन नवी कुलपं घेतली आणि त्यातलं एक स्वतःच्या पिशवीला लावलं.

इलाहीचाचांनी केरबाला खाली ओढलं. "अरे माझ्या राजा, चाळीस वर्षांची अब्रू आहे माझी! असली गोष्ट कानात सांगायची असते. हळू. आणि वर म्हणायचं, कुणाला सांगू नका."

"सिनेमात काम करणार का?" केरबानं त्यांच्या कानात विचारलं. "कुणाला सांगू नका."

"करतो," चाचा म्हणाले. "आता मला दुसरं काम देणारंय कोण?"

केरबानं तिसरी गाठ मारली.

मग चित्रीकरणाचा दिवस ठरला. कॅमेरा शहरातून भाड्यानं येणार होता, एकाच दिवसासाठी. चारच्या एसटीनं परत. आदल्या दिवशी मुक्तानं सांगितलं, "केरबादादा, गावभर दवंडी द्या. उद्या नऊ वाजता सगळ्यांनी शाळेसमोर यायचं. गर्दीचा प्रसंग आहे."

केरबा घरोघरी गेला. प्रत्येकाला कोपऱ्यात घेतलं, कानाला तोंड लावलं. "उद्या नऊला शाळेसमोर. कुणाला सांगू नका."

नवऱ्याला वेगळं सांगितलं, बायकोला वेगळं. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही.

सकाळी नऊ वाजता मुक्ता कॅमेरा लावून उभी. शाळेसमोर चिटपाखरू नाही. साडेनऊ झाले. तिचा चेहरा उतरला. एवढ्यात चिंचेमागं कुणीतरी शिंकलं. तिनं नीट पाहिलं. चिंचेमागं अकरा माणसं. हौदात पाच. कौलांवर दोन. पाण्याच्या टाकीमागं रत्नाबाई, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर त्यांचा नवरा. दोघंही एकमेकांकडे पाहत म्हणत होते, "तुम्ही इथं कशाला?"

"केरबादादा!" मुक्ता ओरडली. "लपलेला माणूस दिसला की हाताला धरा आणि कॅमेऱ्यासमोर आणून उभा करा!"

केरबानं सगळ्यांना ओढून आणलं. गर्दीचा प्रसंग फार छान झाला. चौथी गाठ बसली.

मग चोरीचा प्रसंग. काळा झगा घातलेल्या शकुंतला सिस्टर भिंतीला चिकटून, पाय न वाजवता, घंटेकडे सरकत होत्या. डोळे असे फिरवत होत्या की समोर बसलेली सातही पोरं रडायला लागली. मागून चाचा किल्ल्यांचा जुडगा घेऊन. मुक्ता श्वास रोखून बघत होती. सिस्टरांचा हात घंटेला लागणार, तोच केरबा धावला. त्यानं दोघांना दंडाला धरलं आणि कॅमेऱ्यासमोर आणून उभं केलं.

"लपली होती दोघं," तो म्हणाला.

मुक्ता खाली बसली. मग उठली. मग हात जोडून म्हणाली, "केरबादादा, नीट ऐका. चोर चोरी करत असेल तर मध्ये जायचं नाही. उलट लागेल ती मदत करायची. त्याचं काम नीट झालं पाहिजे. आता जेवून घेऊ. जेवणानंतर हा प्रसंग पुन्हा. आणि आता एक जरी चूक झाली ना, तर पाटीवर तुमचं नाव नाही."

केरबानं पाचवी गाठ मारली. चांगली ओढून घट्ट मारली.

सगळे मास्तरांच्या घरी पिठलं-भाकरी खायला गेले. शाळेत केरबा एकटा, राखणीला. ओट्यावर नावांची पाटी वाळत ठेवलेली, शेजारी रंगाचा डबा आणि कुंचला.

तेवढ्यात शाळेमागं एक टेम्पो थांबला. त्यातून एक माणूस उतरला आणि भिंतीमागून डोकावू लागला.

केरबानं त्याला पाहिलं. चौथी गाठ आठवली. त्यानं त्या माणसाला हाताला धरलं आणि कॅमेऱ्यासमोर आणून उभं केलं.

माणूस म्हणाला, "मी... मी सहज बघत होतो."

केरबानं पहिली गाठ चाचपली. "वाईट वागायला जमेल का?"

माणसानं इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. "म्हणजे... तसा धंदाच आहे माझा."

केरबाला आनंद झाला. त्यानं नारळ आणून समोर ठेवला, पाया पडला आणि मोठ्यानं म्हणाला, "काय सफाई आहे तुमच्या कामाला! गाडी आली ते कळलंसुद्धा नाही!"

"लोक नावं ठेवतात," माणूस ओशाळून म्हणाला. "कौतुक तुम्हीच पहिलं केलंत."

केरबा त्याच्या कानाशी गेला. "कॅमेऱ्याची पेटी बाकाखाली आहे. कुणाला सांगू नका."

"नाही सांगणार," चोर मनापासून म्हणाला.

मग केरबानं कॅमेरा पेटीत भरला. पेटी टेम्पोत चढवली. टेम्पो चालू होईना, तर मागून ढकलायला लागला. चाकं फिरायला लागली तेवढ्यात केरबाला एकदम आठवलं. तो ओरडला, "थांबा! तुमचं नाव राहिलं!"

"कसलं नाव?"

"काम करणाऱ्या सगळ्यांची नावं पाटीवर आहेत. शाळेत कायमची टांगणार आहेत."

चोर टेम्पोतून उतरला. पाटीसमोर उभा राहून त्यानं सगळी नावं वाचली. त्याच्या गावातही पंख्यांवर नावं होती, आणि त्याचंही नाव कुठं नव्हतं. "गाव पण घालतात का?" त्यानं विचारलं.

"घालतात की."

चोरानं कुंचला घेतला. अक्षर सुरेख होतं त्याचं. 'चोरी : श्री. दगडू यशवंत ढेरे, मु. पो. तळेखिंड.' जरा मागं सरकून पाहिलं, मग पुढं येऊन 'श्री.' थोडं ठळक केलं. मग गेला.

मुक्ता आणि बाकीचे हात पुसत परत आले.

"केरबादादा, कॅमेरा?" मुक्तानं विचारलं.

"गेला."

"कोण घेऊन गेलं?"

"चोर."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"गाडी ढकलत होतो."

मुक्तानं वाकून बाकाखाली पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सिस्टरांची नजर पाटीवर गेली आणि त्या किंचाळल्या, अगदी खलनायिकेसारख्या. पाचव्या मिनिटाला हवालदार मोहित्यांना फोन गेला. वीस मिनिटांत चोर सापडला. तळेखिंडीच्या फाट्यावर टपरीसमोर बसून नारळ फोडत होता. तीनला कॅमेरा परत आला, साडेतीनला घंटा चोरीला गेली आणि चारच्या एसटीत कॅमेरा वेळेवर बसला.

गाव नाचलं. पण हवालदारांच्या कागदात एक ओळ मोकळी राहिली. चोरानं जबाबात सांगितलं होतं, "गाडी ढकलायला एक साथीदार होता. नाव माहीत नाही. पंच्याला पाच गाठी होत्या. फार सज्जन माणूस."

जबाबाची बातमी रात्रीच गावात पोचली होती. दुसऱ्या दिवशी हवालदार गावात आले. पाहतात तर काय, गावातल्या प्रत्येक पंच्याला पाच गाठी. इलाहीचाचांच्या रुमालाला पाच. सिस्टरांच्या पदराला पाच. रत्नाबाईंच्या नवऱ्यानं टायला मारल्या होत्या. गाडी कुणी ढकलली, हे कुणालाच माहीत नव्हतं.

हौसाबाईनं केरबाला आत घेऊन सांगितलं, "या बाबतीत एक शब्द तोंडातून काढायचा नाही. हवालदार असो नाहीतर देव असो."

केरबानं सहावी गाठ मारली.

महिन्यानं सिनेमा तयार झाला. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून भरदुपारी अंधार केला. मुक्तानं पाटीवरचं चोराचं नाव रॉकेलनं पुसलं होतं. तिथं एका ओळीची जागा झाली होती. सकाळीच ती केरबाला म्हणाली होती, "चोर सापडला तो तुमच्यामुळेच. तिथं तुमचं नाव लिहा. काय काम केलंत तेही लिहा, खरं खरं. मी खुर्च्या मांडते." केरबानं लिहिलं आणि पाटीवर कापड टाकलं.

सिनेमा संपला. टाळ्या थांबेनात. मग पाटीच्या अनावरणाला प्रमुख पाहुणे उठले : हवालदार मोहिते. त्यांनी दोरी ओढली, घसा साफ केला आणि नावं वाचायला सुरुवात केली. महामाया, शकुंतला सिस्टर. कुलपं, इलाहीचाचा. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. जवळ गेले. आणि मोठ्यानं वाचलं :

"'कॅमेरा चोराच्या गाडीत चढवणे, गाडी ढकलणे व नारळ : श्री. केरबा ज्ञानू चौगले, मु. पो. उंबरकोंड. देवळामागं, निळं दार. घरी केव्हाही भेटतील.'"

शाळेत सुई पडली असती तर ऐकू आली असती. सिस्टरांच्या हातात होतीही, पण त्यांनी ती घट्ट धरली. मुक्तानं डोळे मिटून घेतले. गावातल्या सगळ्या गाठी हळूहळू पाठीमागं गेल्या.

"केरबा चौगले कोण?" हवालदारांनी विचारलं.

केरबा एक शब्द बोलला नाही. आईनं बजावलं होतं. त्यानं फक्त हात वर केला, आणि सगळ्यांना दिसावा म्हणून बाकावर उभा राहिला.

पहिल्या रांगेतून एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. हौसाबाई पदरानं डोळे पुसत उठली होती.

"साहेब," ती म्हणाली, "एकदा परत वाचा की. मोठ्यानं. मागं ऐकू गेलं नाही."