भरलेली पिशवी

"परत देता येतं ना, बुवा?"

भैरवगिरी बुवा ताकात मीठ ढवळत होते. हात थांबला नाही.

"काय परत द्यायचंय?"

"मुलगी."

विचारणारे बोंद्रेसाहेब पाटबंधारे खात्यातले मोठे अभियंते. बारा वर्षांपासून बुवांचे शिष्य. टेकडीवरच्या या मठाला पाण्याची टाकी त्यांनीच बांधून दिली होती, आणि ती गळते हे त्यांच्या तोंडावर सांगणारे एकटे बुवाच.

बाहेर कडुनिंबाखाली सात वर्षांची मैना बसली होती. मांडीवर कापडी पिशवी. दोन्ही हात पिशवीवर.

"तसं देता येतं म्हणा," साहेबच पुढं बोलले. "दत्तकाचा आदेश निघायचाय अजून. तोवर ती आमच्याकडे नुसती सांभाळायला."

"मग मला कशाला विचारतोस?"

"तुमचा आशीर्वाद असला म्हणजे..."

बुवा ढवळत राहिले.

"मी काही कमी केलं नाही, बुवा. नाव नोंदवल्यापासून सव्वातीन वर्षं वाट पाहिली. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, लग्नाचा दाखला. संस्थेच्या बाई घरी येऊन फ्रिज उघडून बघून गेल्या. शेजाऱ्यांना विचारलं, हे दोघं भांडतात का. सगळ्यात पास झालो मी."

"आणि पोर नापास झाली."

"...चार महिने झाले. वेगळी खोली दिली, कपाट दिलं. कपाट रिकामं. कपडे धुतले, वाळले, की घडी करून परत त्या पिशवीत. चपला उशाशी घेऊन झोपते. परवा माझी बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, दादा, ही पाहुणी आहे का रे? विश्वास नाही तिचा. माझ्यावर, बुवा. माझ्यावर."

"आणि बायको? सुमती काय म्हणते?"

"रडते. ती काय, मालिका बघूनही रडते."

"पोर आधी कुठं होती?"

"संस्थेत. त्याआधी एका घरी दिली होती. सातव्या महिन्यात आणून सोडली त्यांनी. फायलीत आहे सगळं."

"वाचलीस फाइल?"

"सही आहे की माझी."

बुवांची नजर साहेबांच्या मांडीवर गेली. तिथंही एक पिशवी होती. प्लास्टिकची, तोंड घट्ट बांधलेली.

"त्यात काय?"

"जोडे."

"उंबऱ्याबाहेर जागा नव्हती?"

"नऊ वर्षांपूर्वी इथूनच गेले माझे. उत्सवात."

खोटं कशाला सांगू, या मठातून जोडे जातात ही ख्याती एवढी, की तालुक्यातले चोरसुद्धा दर्शनाला अनवाणी येतात.

"किती वेळा गेले?"

"एकदाच."

बुवा ढवळायचे थांबले.

"एकदा पुरे झालं की, बुवा."

बुवांनी पेला उचलला.

"बाहेर ठेवून ये. दाराकडे पाठ करून बस. माझं ताक संपेस्तोवर."

साहेब हसले. ठेवून आले. बसले.

बुवांनी पहिला घोट घेतला. साहेबांनी कान टवकारले.

दुसरा घोट. "कुत्रं आलं वाटतं," म्हणत साहेबांनी मान वळवली. कुत्रं नव्हतं.

तिसरा घोट बुवांनी तोंडात नुसता धरून ठेवला...

साहेब उठले. बाहेर गेले आणि पिशवी काखेत मारून आत आले.

"चामड्याचे आहेत, बुवा."

"हं."

पेल्यात अजून अर्ध्याहून जास्त ताक होतं. साहेब थोडा वेळ त्याकडे बघत उभे राहिले. मग उंबऱ्यावर टेकले, जोडे चढवले, नाड्या बांधल्या. दोनदा गाठ मारली. खाकरून हाक मारायला तोंड उघडलं.

मैना आधीच उभी होती. पायात चपला, खांद्याला पिशवी. कुठं जायचंय हे तिनं विचारलं नाही.

साहेब पायरीवर घुटमळले.

"परत सोडताना तिला काय सांगू, बुवा?"

बुवांनी उरलेलं ताक तुळशीपाशी ओतलं आणि पेला पालथा घातला.

"सांग, पिशवी रिकामी केली नाहीस ते बरं केलंस."