भोक बुजवणारा नामाजी

वाघोशी गावात नामाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो इमानेइतबारे करायचा. अडचण एवढीच, की सांगितलं तेवढंच करायचा.

एकदा त्याची दाढ किडली. गाल पुरीसारखा टम्म फुगला. तालुक्याला दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, चणीने इवल्याशा. त्यांनी तोंडात डोकावून पाहिलं.

"दाढेला भोक पडलंय. भरून टाकते. घाबरू नका, डोळे मिटून घ्या."

नामाजीने डोळे मिटले. दाढ भरून झाली. पण डोळे उघडा असं कुणी म्हणालं नाही. तो तसाच चाचपडत निघाला आणि दार समजून औषधांच्या कपाटात शिरला.

बाईंनी त्याला ओढून बाहेर काढलं. "अहो, उघडा डोळे! आणि एक ध्यानात ठेवा. भोक लहान असतानाच बुजवायचं. वाढू द्यायचं नाही."

"बरं," नामाजी म्हणाला.

घरी येतो तर खुंटीला चाळण टांगलेली. भोकंच भोकं! बरं झालं, अजून लहान आहेत. त्याने चिकणमाती कालवली आणि दुपारभर बसून एकेक भोक लिंपलं.

बायको भागूने कपाळावर हात मारला. "अहो, चाळणीला भोकं हवीतच की! ज्यातून माल बाहेर सांडतो, ते भोक बुजवायचं."

"असं होय? बरं."

दुसऱ्या दिवशी तो ज्वारी दळायला गेला. बघतो तर गिरणीतून पीठ भसाभसा बाहेर पडतंय. केवढं नुकसान! नामाजीने डोक्याचा पटका सोडला आणि गिरणीच्या तोंडात कोंबला. गिरणी गुरगुरली, घुसमटली, आणि वरून असा ढग उडाला की गिरणीवाले आप्पा भुतासारखे पांढरे झाले.

"अरे शहाण्या, ते पीठ डब्यातच पडत होतं!" आप्पा शिंकत म्हणाले. "भोकं बुजवायची हौस आहे ना? ही माझी पोती बघ, उंदरांनी कुरतडलीत. नुसतं बुजवून काय उपयोग? भोक पाडणाऱ्याला गपकन पोत्यात घालावं आणि वेशीबाहेर सोडून यावं!"

"बरं," म्हणत नामाजीने एक रिकामं पोतं खांद्यावर टाकलं. तेव्हापासून ते खांद्यावरच.

त्याच आठवड्यात सासूबाई मुक्कामाला आल्या, त्या दाढ धरूनच. जावयावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण ठणका सोसेना आणि भागू तापाने पडलेली. नाइलाजाने त्या जावयाबरोबर निघाल्या. नामाजी मनातून हरखला. आज मामींची मर्जी मिळवायचीच.

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना खुर्चीत बसवलं. "आ करा. मी सांगेपर्यंत मिटू नका." मग त्यांनी बारीक मशीन दाढेवर धरलं. घुर्रर्र!

या वेळी नामाजीचे डोळे टक्क उघडे होते. त्याने वाकून पाहिलं. भोक बुजायचं सोडून मोठंच होत चाललं होतं!

बाईंनी मशीन खाली ठेवलं, कापूस घ्यायला वळल्या, आणि त्यांच्या डोक्यावरून पोतं आलं.

"अहो! अहो, सोडा! काय करताय?" पोतं ओरडलं.

खुर्चीत सासूबाई आ वासून बसल्या होत्या. नामाजीने पोत्याचं तोंड करकचून बांधलं, ते पाठीवर घेतलं आणि छाती फुगवून म्हणाला,

"मामी, तुम्ही निवांत बसा. तालुक्यातल्या दाढांना भोकं पाडणारी सापडली. हिला वेशीबाहेर सोडून आलोच!"