‘वाढ’ म्हणणारा माणूस

भोपळगावात अन्नदान जोरात चालायचं आणि गाव उपाशी राहायचं!

अन्नदाते होते दौलतशेठ कोपरकर. त्यांच्या कंपनीच्या लोणच्याची बरणी घरोघरी, आणि कंपनीतर्फे दर वर्षी सगळ्या गावाला पंगत. भात, वरण, वांग्याची भाजी, वर जिलबी! शेठचा हुकूम मात्र कडक होता. “कुणावर जबरदस्ती नाही. समोरचा नको म्हणाला, की पळी मागे!”

आता तुम्हीच सांगा, भरल्या पंगतीत पहिल्या वाढपाला ‘नको’ म्हणणार नाही असा माणूस भोपळगावात कुठून सापडायचा? खाणाऱ्याने नको नको म्हणत पत्रावळीवर हात आडवा धरायचा आणि वाढणाऱ्याने तो बाजूला सारून वाढायचंच, ही तिथली रीत. फार वर्षांपूर्वी एकजण चुकून सरळ ‘वाढा’ म्हणाला होता, तर त्याच्या नातवंडांनाही गाव अजून हावऱ्याची पोरं म्हणतं! त्यामुळे शेठच्या पंगतीत गाव एका सुरात ‘नको’ म्हणे, वाढपी हुकमाप्रमाणे पुढे सरकत, आणि मंडळी पानात न विचारता पडलेलं मीठ-लोणचं चाटून घरी भाकरी खायला जात. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा झळके, ‘भोपळगाव तृप्त!’

कंपनीत कैऱ्या फोडणारी हौसा या प्रकाराला विटली होती. हौसेची जीभ कैरीहून आंबट. तिची पोरगी मंजुळा हायस्कूलात जायची. लांबच्या वस्त्यांवरून पायपीट करत येणारी तिच्यासारखी पोरं दुपारी नुसतं पाणी पिऊन वर्गात पेंगायची. हौसेला ते बघवेना. एक दिवस ती तडक शेठपुढे जाऊन उभी राहिली.

“शेठ, हायस्कुलाच्या पोरांना रोज दुपारी कंपनीकडनं जेवण द्या.”

“पोरांना?” शेठ हसले. “अगं, मागच्या पंगतीला जिलबीच्या पराती जशाच्या तशा परत आल्या. या गावाला भूकच नाही!”

“भूक हाय हो. त्वांड नको म्हणतं, प्वाट न्हाई म्हणत.”

“मला पोटातलं ऐकू येत नाही, हौसे!” शेठनी टेबलावर हात आपटला. “परवा कंपनीची पंगत आहे. तिथं सगळ्यांदेखत ‘वाढ’ म्हणणारा एक माणूस दाखव. चांगला जाणता, मिशीवाला. दाखवलास तर हायस्कूलचं वर्षभराचं जेवण माझ्याकडे. नाही दाखवलास तर वर्षभर तू बरण्या फुकट धुवायच्या!”

“कबूल!” हौसा म्हणाली, आणि तशीच माणूस शोधायला बाहेर पडली.

आधी तिने तालमीतला पैलवान गाठला. पैलवान हात जोडून म्हणाला, “मावशी, बैल उचलाय सांगा, उचलतो. पर ‘वाढा’? माझं लगीन ठरायचंय अजून!” मग तिने गावचा रिकामटेकडा गाठला. तोसुद्धा म्हणाला, “लोकं काय म्हणतील?” ज्याला लोक आधीच नाही नाही ते म्हणत होते, तोही हेच म्हणाला!

दुसऱ्या दिवशी ती बरणी पोचवायला शेठच्या घरी गेली. शेठ जेवायला बसले होते. शेठाणी भात घेऊन आल्या. “नको,” शेठ म्हणाले. शेठाणींनी वाढला. “नको नको!” शेठाणींनी तूप ओतलं. “अगं, नको म्हणतोय ना!” शेठाणींनी वर आणखी एक मूद ठेवली, आणि शेठनी ती मिटक्या मारत संपवली. हौसा दारात उभी राहून बघत होती. ती गालातल्या गालात हसली आणि घरी जाऊन निवांत झोपली.

पंगतीच्या दिवशी ती पदर खोचून वाढायला हजर. “शेठ, तुमी गावासंगं पंगतीला बसला, तर फोटू पयल्या पानावर येईल बगा!” शेठना ते पटलं. सकाळपासून भाषणं ठोकून पोटात कावळे ओरडत होतेच. पहिल्या पाटावर ते ऐटीत बसले.

मीठ आलं, लोणचं आलं. मग हौसा भात घेऊन आली. शेठ सवयीने म्हणाले, “नको नको!”

हौसा पुढे गेली! शेठचा आडवा हात तसाच राहिला. मग वरण आलं. “नको, नको...” वरणही गेलं. भाजीचा वास नाकात शिरला, तरी मेलं ते तोंड ‘नको’च म्हणालं! शेवटी तुकतुकीत जिलबीची परात समोर आली. शेठनी ओठ घट्ट मिटले, डोळे मिटले, आणि मिटल्या ओठांतून बारीक आवाज आला, “नको!”

परात पुढे सरकली आणि शेठचा धीर सुटला. ते पाटावरून अर्धे उठले आणि ओरडले, “ए हौसे! वाढ! भात वाढ, वरण वाढ, आणि ती परात इकडं आण!”

हौसेने परात शेठपुढे ठेवली आणि कमरेवर हात दिले. “मंडळी, शेठनी ‘वाढ’ म्हणणारा मिशीवाला माणूस मागितला व्हता. ह्यो बगा, गावला!”

“मी? छे, मला यात धरायचं नाही!” शेठ लालबुंद झाले. “मी काय हावरा आहे? मी भुकेला होतो, म्हणून बोललो!”

“आन् गाव काय घरनं जेवून बसलंय व्हय?” हौसा म्हणाली.

शेठनी पंगतीवर नजर टाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक पत्रावळीवर नुसतं मीठ आणि त्यांच्याच कंपनीचं लोणचं! ते बघता बघता त्यांच्या मिशा थरथरल्या, पोट गदगदलं, आणि शेठ असे खदाखदा हसत सुटले की पाटावरून घसरून खाली बसले.

“हरलो, हौसे, हरलो! वाढा रे सगळ्यांना! आणि कुणी नको म्हणालं, तर दुप्पट वाढा!”

मग काय! ‘नको नको’चा नुसता गजर झाला आणि पराती धडाधड रिकाम्या झाल्या. हायस्कूलात दुपारचं जेवण सुरू झालं. त्याची सगळी मुखत्यारी शेठनी भरपगारी हौसेकडे दिली, आणि वर कंपनीच्या वाढप्यांना ताकीद दिली, की वाढायचं कसं ते आधी हिच्याकडून शिकून या!