सगुणाची मोकळी पट्टी

नदी दरसाल काठ कुरतडायची, आणि सगुणाची इवलीशी झोपडी नेमकी त्याच काठावर. दारापासून पाणी आता जेमतेम सात पावलांवर आलं होतं. घर जाणार, या धास्तीनं बिचारी आईला बिलगून झोपायची.

मग गावच म्हणालं, "काठ आपण सांभाळू!" दर रविवारी सगळे जमायचे. उतारावर मुळांनी माती धरून ठेवणारं वाळ्याचं गवत लावायचे, वर निर्गुडी अन् करंज. घरटी एक वाटा. सगुणाचा वाटा तिच्या झोपडीसमोरच, अन् त्याला लागून शेजारच्या अनशीचा. अगं बाई, अनशीचा वाळा काय तरारला होता! हिरवागार, लुसलुशीत, कमरेएवढा. अन् सगुणाची रोपटी? पिवळी, मरतुकडी. सगुणाच्या पोटात दुखायचं. "तिच्या वाळ्याला माझं पाणी कशाला?" म्हणत तिनं दोन वाट्यांमध्ये हातभर पट्टी मोकळी सोडली, शेतात बांध सोडतात तशी.

पोर मनाची वाईट नव्हती हो! एक करंजाचं रोपटं कुणाच्याच वाट्यात नव्हतं, त्याला ती रोज तांब्याभर पाणी घालायची. एका सकाळी त्या करंजातून चिमुकली परी उतरली. चंदेरी पंख, जांभळा झगा, दवाचे पैंजण.

"लाडके, माझी तहान तू भागवलीस. एक इच्छा माग. पण स्वतःच्या वाट्यासाठी मागायचं नाही हं!"

"मग काय उपयोग?" सगुणा फुरंगटली. अनशीचा वाळा वाळून जाऊ दे! शब्द अगदी ओठांवर आले.

तेवढ्यात मोकळ्या पट्टीतली माती भसकन घसरली. अनशीचे दोन ठोंब पाण्यात गेले. अनशी धावत आली अन् रडत रडत उघड्या मुळांवर माती लोटू लागली.

सगुणाच्या काळजात चर्र झालं. पट्टी तिनंच सोडली होती ना! हेवा अजून जळत होता, तरी ती म्हणाली, "परीताई, अनशीचा वाळा घट्ट रुजू दे. माझ्याहून हिरवा राहिला तरी चालेल."

"गुणाची गं माझी!" परीनं पंख झटकले. सोनेरी कण भुरभुरले. अनशीच्या वाळ्याची मुळं मोकळ्या पट्टीखालून सरसरत निघाली, ती थेट सगुणाच्या झोपडीखाली पोचली. सारा काठ लखलखला, अन् परी त्या उजेडात विरून गेली.

दोघींनी मिळून ती पट्टी लावून काढली.

श्रावणात नदी दुथडी भरून आली. पाणी ओसरलं तेव्हा झोपडी जागची हललीसुद्धा नव्हती. सगुणा अनशीच्या गळ्यात पडली. "तुझ्या वाळ्यानं आमचं घर राखलं गं! हेवा वाटतोच अजून, खोटं कशाला बोलू?"

"जळ हवं तेवढं," अनशी खुदकन हसली. "शेजार मात्र मला तुझाच हवा."