कन्सोल, पीसी आणि दोर

“पण दहा वर्षांचा विचार केला तर स्वस्त काय पडतं, अक्का? कन्सोल की पीसी?”

“आधी बस. कंट्रोलर घे.”

वेणूअक्का शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि सांगलीतल्या आपल्या पुढच्या खोलीत पोरांना व्हिडिओ गेम शिकवू लागल्या. लोक हसले. आता तेच लोक आपली पोरं आणून सोडतात.

अक्कांचा एकच नियम. काही विचारायचं असेल तर शेजारी बसून, खेळता खेळता विचारायचं.

पुष्कर बसला. पडद्यावर दोन गिर्यारोहक कडा चढू लागले. दोघांच्या कमरेला एकच दोर.

पुष्कर अक्कांचा सगळ्यात तयार चेला. हात चपळ, आणि हिशेबात तर कुणाच्या बापाला हार न जाणारा. मी भिंतीशी माझ्या पाळीची वाट बघत बसलो होतो. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा.

“कन्सोल घेताना स्वस्त,” तो म्हणाला, “पण पुढं प्रत्येक गेम महाग. शिवाय ऑनलाइन खेळायची वर्गणी दरवर्षी.”

“बरं.”

“पीसी घेतानाच कंबरडं मोडतो. पण गेम सेलमध्ये मिळतात. जुना झाला तर नुसतं ग्राफिक्स कार्ड बदला.”

बोलता बोलता त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला. हातवारे केल्याशिवाय त्याला हिशेब सांगता येत नसे.

पडद्यावर त्याचा गडी कड्यावरून सुटला आणि दोराला लोंबकळू लागला. अक्कांचा गडी दात-ओठ खात त्याला धरून उभा राहिला. अक्कांनी बटणावर अंगठा दाबून धरला होता.

“वीजबिल धरलंस?”

“धरलं. आणि जुनी वस्तू विकून काय येईल, तेही.”

“वा!” अक्का मनापासून म्हणाल्या. “एक आकडा चुकला नाही तुझा. मग घोडं कुठं अडलंय?”

“पाचव्या वर्षानंतर काय होईल, ते नक्की ठरत नाही.”

“आणि तुझा जोडीदार? शौनक?”

“त्याच्याकडं दोन्ही आहे. मी घेईन त्यावर आम्ही जोडीनं स्पर्धेत उतरणार. मिरजेच्या टीमनं बोलावलं होतं त्याला. गेला नाही. म्हणाला, तुझं ठरू दे, मी थांबतो.”

“कधीपासून थांबलाय?”

“दिवाळीपासून…”

बाहेर उन्हाळा सुरू झाला होता.

पुष्करची नजर पडद्यावर गेली. अक्कांच्या गड्याचे पाय घसरत होते. त्यानं झटकन कंट्रोलर उचलला, कडा गाठला, पाय रोवले.

त्याबरोबर अक्कांनी आपला कंट्रोलर खाली ठेवला.

आता त्यांचा गडी दोराला लोंबकळला. पुष्करच्या हातातला कंट्रोलर थरथरू लागला. त्यानं दोन्ही अंगठे दाबले. कपाळावर घाम आला.

अक्कांनी शांतपणे तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं. प्यायल्या.

“अक्का, घ्या ना!”

अक्कांनी पुन्हा पाणी ओतलं.

“अक्का, हात भरून आला! असं एकट्यानं किती वेळ धरायचं?”

अक्कांनी भांडं खाली ठेवलं.

“ते शौनकला विचार.”