गोठ्यातलं पेव

फार पूर्वी, लोक धान्य जमिनीच्या पोटात साठवत त्या काळी, एका गावात एक शेतकरी आपल्या बायकोसोबत राहत होता. कष्टाला वाघ, पण स्वभाव सशाचा. ज्वारी भरात आली की त्याला पाखरांची काळजी, मळणी झाली की उंदरांची, आणि उंदीर नसले तर माणसांची होतीच.

त्याच्या गोठ्यात, बैलांच्या दावणीजवळ, एक पेव होतं. पेव म्हणजे तोंडाला अरुंद आणि आत ऐसपैस असा खोल खड्डा. कडेनं कडबा लावून त्यात ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून शेणामातीनं लिंपून टाकायचं, की धान्य वर्षानुवर्षं टिकतं. वडील मरताना सांगून गेले होते, "पेव भरलेलं ठेव." "आणि कुणाला कळू देऊ नको," ही भर ह्यानं आपली स्वतःची घातली. बायकोलाही त्यानं तशी शपथ घातली होती.

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, दुसरंही कोरडंच गेलं. लोक रानातला पाला उकडून खाऊ लागले. गावानं ठरवलं, ज्याच्याकडे जे असेल ते देवळात आणायचं आणि एका चुलीवर शिजवून सगळ्यांनी खायचं. शेजारचा म्हातारा भिवाआबा विचारायला आला.

"तुझ्याकडं काय हाय का रं, बाबा?"

"कुठलं, आबा! कणगी झाडून घेतली कवाच."

भिवाआबा "बरं" म्हणून निघून गेला. दाराआड उभी असलेली बायको शपथ आठवून मुकाट्यानं चुलीकडे वळली.

पुढे घरातली कणगी खरोखरच रिकामी झाली. आता पेव उघडल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण पेव काही डब्याचं झाकण नव्हे, की काढलं आणि हात घातला. कोंडलेल्या पेवात विषारी हवा साठते. म्हणून तोंड उघडून रात्रभर तसंच ठेवायचं, मग दिवा सोडून पाहायचा, आणि दिवा तेवत राहिला तरच कमरेला दोर बांधून एकानं उतरायचं. वर दोर धरायला चार गडी हवेतच. ही रीत पोरासोरांनाही ठाऊक होती.

शेतकऱ्यालाही ठाऊक होती. पण पेव रात्रभर उघडं ठेवलं आणि कुणी पाहिलं तर? चार गडी बोलावले तर गावभर बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागणार?

एके दुपारी सगळं गाव देवळात जमलं होतं. शेतकऱ्यानं अंगात कणकण असल्याचा निरोप धाडला, गोठ्याचं दार ओढून घेतलं आणि पेवावरचा दगड सरकवला. आतून कुबट, गरम वाफ आली. बायकोनं दोरीला बांधून दिवा खाली सोडला. तो हातभर खाली गेला आणि विझला.

"अवं, दिवा ऱ्हाईना की," ती घाबरून म्हणाली.

"वाऱ्यानं इझला."

"बंद गोठ्यात कुठला वारा? ऐका माझं, भिवाआबांना हाक मारते."

"शपथ हाय तुला!" तो दबक्या आवाजात ओरडला. "एक टोपलं भरतो आन् येतो. दोर हलवला की वढ."

दोराचं एक टोक कमरेला आणि दुसरं दावणीच्या खुंटाला बांधून तो उतरला. ती दोर धरून वाकून पाहत राहिली. ज्वारीत पाय रुतल्याचा आवाज आला. टोपलं खरवडल्याचा आवाज आला. मग काहीच येईना.

"अवं..." तिनं हळूच हाक मारली. शेजारी ऐकू जाऊ नये, म्हणून हळूच.

उत्तर आलं नाही. तिनं दोर ओढून पाहिला, पण एकटीच्या हातांना तो तसूभरही हलेना. ती दाराशी धावली आणि कडीवर हात ठेवून थबकली. गाव येईल, पेव पाहील, मग धनी तोंड कसं दाखवतील? ती परत पेवाशी आली. पुन्हा दाराशी गेली. शेवटी शपथ, लाज सगळं गिळून तिनं दार उघडलं आणि टाहो फोडला.

देवळातलं सगळं गाव धावत आलं. एक तरणा गडी सरळ आत उडी घ्यायला निघाला, तसा भिवाआबानं त्याला मागे खेचला. "एक गेला, दुसरा नगं! दोर वढा!"

चौघांनी दोर ओढला. शेतकरी वर आला, पण त्याच्यात जीव नव्हता. अंग अजून ऊन होतं.

बाई ऊर बडवून रडू लागली. "मीच मारलं त्यांना! पेव कुणाला कळू नये म्हणून येळेवर हाक मारली न्हाई मी, आबा!"

भिवाआबा तिच्याजवळ बसला. त्याचेही डोळे वाहत होते.

"कुणाला कळू नये म्हणून, पोरी? आगं, तुझ्या सासऱ्यानं हे पेव खणलं तवा माती मीच की वाहिली. गावात कुणाला ठावं न्हाई? पर दुसऱ्याच्या पेवाला धन्यानं बोलावल्याबिगर हात लावायचा न्हाई, ही आपली रीत. त्यो आज ना उद्या हाक मारंल म्हणून आमी वाट बघत व्हतो."

तात्पर्य: ज्या कामाला चार हात लागतात, ते चार डोळ्यांपासून लपवून करू नये.